आडवी रेषा, उभी गाडी

लग्नघरी जमलेल्या पाहुण्यांत एक तरी गृहस्थ असा असतो, की ज्याची गाडी वाटेत फार जोरात पळालेली असते. "कल्याण सोडल्यावर ड्रायव्हरने अशी काही हाणली म्हणता! खिडकीबाहेरचे खांब दिसेनात!" असे तो हातवारे करून सांगतो आणि ऐकणारी मंडळीही, पंगतीला अजून अवकाश असल्यामुळे, कौतुकाने माना डोलावतात. माझे वडील अशा गृहस्थाचे सारे शांतपणे ऐकून घेत. मग चष्मा पुसत विचारीत, "सुटली किती वाजता आणि पोहोचली किती वाजता?" गृहस्थाचा चेहरा उतरे. कारण इतकी जोरात पळालेली गाडी बहुधा पाऊण तास उशिरा पोहोचलेली असे.

वडिलांना तसे विचारण्याचा अधिकार होता. ते रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते. प्रवाशांना स्टेशनमास्तर दिसतो, गार्ड दिसतो, क्वचित काळवंडलेला ड्रायव्हरही दिसतो. कंट्रोलर मात्र कधी दिसत नाही. तो कुठल्याशा इमारतीत कानाला हेडफोन लावून बसलेला असतो आणि त्याच्यापुढे टेबलभर एक तक्ता पसरलेला असतो. तक्त्याच्या डाव्या कडेला एकाखाली एक स्टेशनांची नावे. तीही सारख्या अंतरावर नव्हेत, तर प्रत्यक्षात दोन स्टेशनांत जितके अंतर, त्या प्रमाणात दूर किंवा जवळ. आडव्या बाजूला तास आणि मिनिटे. स्टेशनमास्तरने फोनवरून अमुक गाडी अमुक मिनिटाला गेली असे कळवले, की कंट्रोलर त्या जागी ठिपका देणार आणि मागच्या ठिपक्यापासून रेघ ओढणार. पाळी संपेपर्यंत त्या कागदावर रेघांचे जाळे विणले जाई. आता हे काम संगणक करतो आणि पडद्यावर रेषा आपोआप उमटतात. पण माझ्या लहानपणी त्या पेन्सिलीने ओढल्या जात, आणि वडिलांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिलीचा घट्टा होता.

रद्द झालेला एखादा तक्ता ते घरी आणीत. त्याच्या पाठच्या बाजूवर मी शुद्धलेखन लिहावे, असा हेतू. पण मला पुढचीच बाजू अधिक आवडे. मेल गाडीची रेघ ताठ, उभी, तोऱ्यात जाणारी. मालगाडीची रेघ कशी, तर जेवून उठलेल्या माणसासारखी रेललेली. खालून वर जाणाऱ्या रेघा एका दिशेच्या, वरून खाली येणाऱ्या दुसऱ्या दिशेच्या, आणि दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतील तिथे त्या दोन गाड्यांची गाठ. दुहेरी मार्गावर ती गाठ कुठेही पडो, बिघडत नाही. एकेरी मार्गावर मात्र ती स्टेशनाच्या रेघेवरच पडली पाहिजे. "दोन स्टेशनांच्या मधे पडली," वडील म्हणत, "तर तो तक्ता नव्हे, अपघात."

आणि मला सगळ्यांत गंमत वाटे ती आडव्या रेघेची. गाडी स्टेशनात उभी राहिली, की वेळ पुढे सरकतो पण अंतर वाढत नाही. म्हणजे ठिपका नुसता उजवीकडे जातो. म्हणजे गाडी उभी, तर रेघ आडवी! हे मी शाळेत एका मित्राला सांगितले, तर त्याने ते खोटे ठरवून माझ्याशी एक दिवस अबोला धरला.

घाटाची गोष्ट अशीच उलटी. मुंबईहून कर्जत शंभर किलोमीटर आणि लोणावळा एकशे अठ्ठावीस. वडिलांच्या तक्त्यावर मैल असत, मी आजच्या मापात सांगतो. मधल्या अठ्ठावीस किलोमीटरांत बोरघाट. १८६३ सालापासून गाड्या तो चढत आहेत आणि त्याचा कडक भाग सदतीस फुटांमागे एक फूट असा आहे. जाडजूड गाडीला कर्जतला थांबून मागून रेटायला जादा इंजिने लावून घ्यावी लागतात. तक्त्यावर पाहावे तर कर्जतपर्यंत नीट चढत आलेली रेघ तिथे जरा आडवी होते आणि पुढे घाटात एकदम लवते. डोंगराचा चढ लागला, की कागदावरचा चढ उतरतो. कारण कागदावरचा चढ हा डोंगराचा नव्हेच, तो चालीचा.

हे सारे मला यंदा आठवायचे कारण म्हणजे आमची नात. ती नववीत आहे आणि नववीच्या विज्ञानात गतीचा धडा आहे. अंतर-काल आलेख, एकसमान गती, सरासरी चाल. आमच्या वेळी हे अकरावीच्या पुस्तकात इंग्रजीतून होते आणि आम्ही ते न समजता पाठ केले. हिला मराठीतून शिकवतात, तेव्हा तिला समजण्याचा धोका जास्त आहे. एका रविवारी ती वही घेऊन आली, म्हणाली, "आजोबा, आलेख काढता येतो, पण सरासरी चाल चुकते. बाईंनी दोनदा लाल रेघ मारली."

मी तिला वडिलांच्या तक्त्यातलेच गणित घातले. आकडे सोयीचे घेतले. एक गाडी मुंबईहून कर्जतला दोन तासांत गेली. तिथे चार मिनिटे थांबली. मग लोणावळ्यापर्यंतचा घाट छप्पन मिनिटांत चढली. सांग सरासरी चाल.

नातीने पटापट मांडले. पहिल्या भागात ताशी पन्नास, घाटात ताशी तीस. पन्नास आणि तीस ऐंशी, भागिले दोन, चाळीस. आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले.

"सुटली किती वाजता आणि पोहोचली किती वाजता?" मी विचारले. तीन पिढ्यांनंतरही त्या प्रश्नाची धार कमी झालेली नाही. ती घुटमळली. मग बोटे मोजून म्हणाली, "बाराला सुटली तर तीनला पोहोचली. तीन तास. अंतर एकशे अठ्ठावीस. म्हणजे... ताशी बेचाळीस आणि वर थोडे?" ती पुन्हा आकड्यांकडे पाहत राहिली. "पण मग चाळीस कुठे गेले?"

चाळीस कुठेच गेले नव्हते. ते आलेच नव्हते. दोन चालींची बेरीज करून निम्मे करणे म्हणजे ताशी पन्नासने आणि ताशी तीसने गाडी सारखाच वेळ चालली असे धरणे. इथे तर एकीने दोन तास घेतले, दुसरीने एक तासही नाही. आणि ती चार मिनिटे? त्यांना तर तिने हिशेबात घेतलेच नव्हते, कारण त्या वेळात गाडी 'काही करीत नव्हती'. मी तिला पट्टी दिली आणि आलेखावरचा पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू सरळ जोडायला सांगितले. मधली वाकडीतिकडी रेघ खाली राहिली, आणि वरून ही एक सरळ रेघ तिरपी निघाली. हिचा जो चढ, तीच सरासरी चाल. गाडी त्या रेघेवरून प्रत्यक्षात कधी धावली नाही, पण धावली असती तर बरोबर त्याच ठोक्याला लोणावळ्यात शिरली असती. एवढाच त्या रेघेचा अर्थ, आणि तो पुष्कळ आहे.

तिच्या वहीत दुसरा एक आलेख होता, त्यात उभ्या अक्षावर अंतर नव्हते, चालच होती. तिथे ही पट्टीची युक्ती चालत नाही. तिथे रेघेखालचे क्षेत्रफळ काढावे लागते. ते क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. लोकल गाडी घ्या. अर्ध्या मिनिटात सेकंदाला वीस मीटरपर्यंत चढली, एक मिनिट तशीच पळाली, अर्ध्या मिनिटात थांबली. आकृती होते समलंब चौकोनाची आणि क्षेत्रफळ भरते अठराशे मीटर. मग स्टेशनात अर्धा मिनिट उभी. एकूण अडीच मिनिटांत अठराशे मीटर, म्हणजे सेकंदाला बारा. गाडी पळत होती ताशी बहात्तर किलोमीटरने, आणि आपण चाललो ताशी त्रेचाळीसने. डेक्कन क्वीनची कथा निराळी नाही. १ जून १९३० रोजी सुरू झालेली ही आमची लाडकी गाडी. माझ्याजवळच्या वेळापत्रकात ती सकाळी सव्वासातला पुणे सोडते आणि दहा पंचवीसला मुंबईत पोहोचते. एकशे ब्याण्णव किलोमीटर, तीन तास दहा मिनिटे. ताशी साठाच्या किंचित वर. लग्नघरच्या गृहस्थाला हे सांगू नये.

"आणि आजोबा, चाल निराळी आणि वेग निराळा, हे माहीत आहे ना?" नातीने आता उलटतपासणी सुरू केली. "वेगात दिशा असते. जिथून निघालो तिथेच परत आलो तर विस्थापन शून्य. म्हणून सरासरी वेगही शून्य!"

मी तेहतीस वर्षे विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी केली. रोज सकाळी आठ बाराची गाडी पकडली आणि रोज संध्याकाळी घरी परतलो. त्या साऱ्या धावपळीचा सरासरी वेग शून्य भरतो, हे निवृत्तीनंतर नववीतल्या मुलीकडून कळावे! सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "मला ते आधीच ठाऊक होतं."

सौभाग्यवती आतून म्हणाल्या, कारण त्या वेळी त्यांना बाहेर येणे सोपे नव्हते. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, मग काठी आली. घरातल्या घरात हिंडूफिरू लागल्या. पण आमच्या घरासमोरचा रस्ता ओलांडून पलीकडे जाणे आठ महिन्यांत घडले नव्हते. पलीकडे काय आहे? मंडई आहे, आणि वाचनालय आहे. मंडईचे एक वेळ चालेल, भाजी मी आणू शकतो. ती कशी आणतो याबद्दल घरात मतभेद आहेत, पण आणू शकतो. वाचनालयाचे तसे नाही. त्यांच्यासाठी पुस्तके मी बदलून आणीत असे. दोन महिन्यांनी त्यांनी एक जाडजूड चरित्र माझ्यापुढे ठेवले आणि शांतपणे म्हटले, "अहो, तुमच्या आवडीची पुस्तकं मी किती दिवस वाचायची?"

मुलाचे म्हणणे स्पष्ट होते. "आई, तू एकटीने रस्ता ओलांडायचा नाहीस. आम्ही कोणीतरी असतोच ना." कोणीतरी असतोच, हे खरे नव्हते. मुलगा आणि सूनबाई आठला बाहेर पडतात ते रात्री परततात. मी असतो, पण माझा हात धरून जायचे, तर पुस्तक निवडताना मी शेजारी उभा राहणार आणि घड्याळ बघणार. त्यांना एकटीने जायचे होते. जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की पोळी ताटात तशीच राही. मुलगा काळजीने बोले, आणि काळजीने बोलणाऱ्या माणसाशी भांडताही येत नाही. सौभाग्यवती बोलायच्या थांबल्या. मला ते बोलण्याहून वाईट वाटे.

याच सुमारास मी नातीला मारेची गोष्ट सांगत होतो. एत्येन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ, १८३० साली जन्मलेला. पॅरिस ते लियाँ या मार्गावरच्या गाड्यांचा तक्ता, हुबेहूब वडिलांच्या तक्त्यासारखा, त्याच्या १८८५ साली निघालेल्या ग्रंथात आहे. कल्पना त्याची स्वतःची नव्हे. ईब्री नावाच्या एंजिनियरची म्हणून ती त्याने दिली आहे. मारेचा स्वतःचा ध्यास दुसराच. माणसे आणि घोडे चालतात कसे, हे त्याला कागदावर उमटवायचे होते. त्याने बुटाच्या तळाला रबराची पोकळी बसवली, तिला नळी जोडली आणि नळीचे दुसरे टोक रेघा उमटवणाऱ्या यंत्राला. पाऊल टेकले की हवा दाबली जाई आणि चालणाऱ्याच्या हातातल्या यंत्रावर रेघ उठे. म्हणजे गाडीची चाल आणि माणसाची चाल ही दोन्ही एकाच गृहस्थाने कागदावर आणली. मराठीने तर त्यासाठी शब्दही एकच ठेवला आहे.

नातीने माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. "आजोबा, आपण आजीचा तक्ता काढू या!"

पुढच्या रविवारी पहाटे, रहदारी नसताना, आम्ही दोघांनी दोरीने रस्ता मोजला. चौदा मीटर. बरोबर मधे दुभाजक, वीतभर उंच आणि दोन हात रुंद. झेब्रा पट्ट्यांच्या जागी त्याला कठडा नाही. सिग्नलवरचा हिरवा माणूस पंचवीस सेकंद दिसतो. आखणी करणारे पुष्कळ ठिकाणी पादचाऱ्याची चाल सेकंदाला १.२ मीटर धरत आले आहेत. त्या हिशेबाने चौदा मीटरला बारा सेकंद पुरेत, तेव्हा आमच्या चौकात पंचवीस दिले हे उदारच म्हणायचे. पण हा १.२ मीटरचा पादचारी कोण? इंग्लंडात केलेली एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत पासष्टीपुढच्या पुरुषांची सरासरी चाल सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांची ०.८ भरली. आणि त्या बायकांत खुब्याचे हाड मोडलेल्या किती असणार?

तळमजल्यावर जिथे गाड्या लावतात तिथे नातीने खडूने चौदा मीटर आखले, मीटरमीटरला खूण केली. दुभाजकाच्या जागी माजघरातले दोन पाट एकावर एक ठेवले. पहारेकऱ्याने दोन स्कूटर बाजूला केल्या आणि कुतूहलाने तिथेच थांबला. सौभाग्यवती लिफ्टने खाली आल्या, काठी सावरली, पदर खोचला. "सांगा," म्हणाल्या. नातीच्या हातात मोबाईलचे घड्याळ, माझ्या हातात कागद. प्रत्येक खुणेला ती सेकंद ओरडे आणि मी लिहून घेई. मला एकाएकी वडिलांचे बोट आठवले.

पहिले सात मीटर दहा सेकंदांत. पाटापाशी थांबून आधी चांगला पाय, मग दुखरा, मग काठी, आणि पलीकडे त्याच्या उलट, सहा सेकंद. उरलेले सात मीटर चौदा सेकंदांत. पहारेकऱ्याने टाळी वाजवली.

नात तिथेच मोटारीच्या टपावर वही ठेवून बसली. पहिल्या भागात सेकंदाला ०.७, दुसऱ्या भागात ०.५. बेरीज १.२, निम्मे ०.६. चौदा भागिले ०.६, तेवीस आणि थोडे. "आजी! तेवीस सेकंद! पंचवीसच्या आत! तू पास!"

सौभाग्यवतींचा चेहरा असा उजळला, की मी खाली बघितले. मी काही बोललो नाही. गतीचा धडा आता नातीचा होता, माझा नव्हे. ती आनंदाने आलेख काढायला लागली. बिंदू दिले, जोडले. दहाव्या सेकंदाशी रेघ आडवी झाली, सोळाव्याशी पुन्हा उठली, पण पहिल्याइतकी ताठ नव्हे. मग सवयीने तिने पट्टी घेतली आणि पहिला बिंदू शेवटच्या बिंदूला जोडला. पट्टी तशीच धरून ती थांबली. शेवटचा बिंदू तिसाव्या सेकंदावर होता. चौदा भागिले तीस, ०.४७ देखील पुरते नाही.

तिने माझ्याकडे पाहिले. मग रबर काढले आणि मघाचे ०.६ पुसले. बराच वेळ पुसत होती. शेवटी वही मिटून आजीकडे गेली आणि म्हणाली, "आजी, तू पाच सेकंद लेट आहेस."

या पाच सेकंदांची फोड तिने मला नंतर स्वतःच करून दाखवली. थांबणे सोडून दिले, तरी दोन्ही भागांना मिळून चोवीस सेकंद लागतात, तेवीस नव्हे. कारण सावकाश चाललेला अर्धा भाग वेळ जास्त खातो, म्हणून सरासरीला तो आपल्याकडे ओढतो. आणि वर पाटावरचे सहा. माणूस चालला किती जोरात, याची चौकशी सिग्नल करीत नाही. हिरवा माणूस लाल झाला तेव्हा तो कुठे होता, एवढेच मोटारीला कळते.

पण तक्त्याची खुबी अशी, की तो नुसता नापास करून गप्प बसत नाही. वेळ कुठे गेला हेही दाखवतो. आम्ही तो कागद व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना दाखवला. त्यांनी आडव्या रेघेवर बोट ठेवले, मग शेवटच्या लवलेल्या रेघेवर. "पायरी चढायचा सराव कमी पडतोय, आणि शेवटी दम लागतोय. सरळ चालणं ठीक आहे." तोवर सौभाग्यवती रोज पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, जी त्यांची उत्तम बाजू तीच घोटीत होत्या. आता दोन पाट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी कायमचे आले. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा. आमच्याकडे येणारे जाणारे त्यांना अडखळत. एका पाहुण्याला वाटले, आमच्याकडे काही कार्य आहे.

दोन महिन्यांनी पुन्हा खडू, पुन्हा मोबाईल, पुन्हा पहारेकरी. पहिला भाग दहा सेकंद, तसाच. पाट दोन सेकंद. दुसरा भाग अकरा. एकूण तेवीस. चौदा भागिले तेवीस केले आणि नात ओरडली, "आजोबा, ०.६! मी पुसलेलंच उत्तर!" या खेपेला ते खरे होते.

मुलगा बघायला मुद्दाम थांबला होता. तो आकड्यांचा माणूस, त्याने कागद नीट पाहिला. "दोन सेकंद हातात राहतात, आई. एक रिक्षा वळली, तू क्षणभर थबकलीस, की संपले. दोन सेकंदांवर मी तुला सोडणार नाही." तो चूक नव्हता. सगळी गप्प झाली. पहारेकरीसुद्धा.

सौभाग्यवतींनी काठी भिंतीला टेकवली आणि तो कागद मागून घेतला. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून पाहिला. "ही मधली आडवी रेघ म्हणजे मी उभी, ना?" त्यांनी नातीला विचारले.

"हो."

"मग ती लांब केली तर?"

कोणाला काही उमगले नाही. त्या पुढे म्हणाल्या, "अर्धा रस्ता मी दहा सेकंदांत जाते. पुढचा अर्धा अकरा-बारांत. मला एका दमात सगळा ओलांडायला कोणी सांगितलंय? दुभाजक दोन हात रुंद आहे. तिथे उभी राहीन. पुढच्या हिरव्याला निघेन. कर्जतला गाडी नाही का थांबत?"

मुलाने तोंड उघडले आणि मिटले. दर खेपेला पंचवीस सेकंद, आणि लागणार दहा किंवा बारा. दुपटीहून जास्त वेळ हातात. रविवारी दुभाजकावर तो स्वतः जाऊन उभा राहिला; वाहने किती जवळून जातात ते दोन फेरे पाहून आला, आणि परत येऊन म्हणाला, "मधोमध उभी राहा. आणि गर्दीच्या वेळी नाही. अकरानंतर." घरात इतका मोठा तह इतक्या थोड्या शब्दांत झालेला मी पाहिलेला नाही.

पहिल्या दिवशी शाळेला सुट्टी होती. नात आणि मी गॅलरीत उभे. कुणाला दिसू नये म्हणून तुळशीच्या कुंडीमागे, तरी त्यांनी निघताना वर पाहिलेच. हिरवा माणूस लागला. दहाव्या सेकंदाला त्या दुभाजकापाशी, काठीसकट वर. हिरवा लुकलुकून लाल झाला. बसगाड्या, रिक्षा, टेंपो दोन्ही अंगांनी वाहू लागले आणि मधे निळ्या लुगड्यातली एक आकृती खांद्याला पिशवी अडकवून उभी. नात सेकंद मोजीत होती. साठ. सत्तर. नव्वद. मी कठडा किती घट्ट धरला होता, ते नंतर हाताला पडलेल्या खुणेवरून कळले. एकशे विसाव्या सेकंदाला पुन्हा हिरवा, आणि बारा सेकंदांत सौभाग्यवती पलीकडच्या पदपथावर.

"एकशे बत्तीस सेकंद," नातीने वहीत लिहिले. "सरासरी चाल सेकंदाला साडेदहा सेंटीमीटर. आजोबा, सगळ्यांत कमी!"

त्या परतल्या त्या तासाभराने. पिशवीत दोन पुस्तके, एक दिवाळी अंक आणि मेथीची जुडी. मी आणतो तीहून ती ताजी होती, हे मला मान्य करावे लागले. त्या खुर्चीवर बसून पाणी पीत होत्या, तोच नात वही नाचवत आली. "आजी, गेलीस आणि परत आलीस. विस्थापन शून्य! सरासरी वेग शून्य!"

"असं?" सौभाग्यवतींनी मेथीची जुडी तिच्या पुढ्यात टाकली. "मग ही कुठून आली? बस, निवडायला घे."